खाल्लेलं तेल रोगप्रतिकारक पेशींपर्यंत कसं पोचतं, आणि त्याप्रमाणे घरातला स्वयंपाक कसा बदलायचा

माझ्या आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. सुरुवातीला सकाळी तिची मूठ वळायची नाही, भाकरी करायला बसायची पण पिठाचा गोळा हातात धरता यायचा नाही, दहा वाजले की मग हळूहळू बोटं मोकळी व्हायची. तेव्हापासून आमच्या घरात तेलावरून जी चर्चा सुरू झाली ती थांबलीच नाही. एकाने फॉरवर्ड पाठवला की करडई आणि सूर्यफूल म्हणजे ओमेगा-६, ओमेगा-६ म्हणजे सूज, आजच बंद करा. दुसरं कुणी म्हणालं रोज दोन चमचे तूप पोटात गेलंच पाहिजे, तिसऱ्याने फिश ऑइलच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. मी डॉक्टर नाही, पण गेली काही वर्षं हा विषय जिद्दीने वाचतेय आणि घरात करून बघतेय, त्यातून जे पक्कं कळलंय ते इथे पायरीपायरीने लिहिते. थोडं लांबेल, पण आधी आत काय चालतं ते कळलं की मग कुठला फॉरवर्ड खरा आणि कुठला खोटा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी शरीरात काय होतं ते

पायात काटा रुतला की काय होतं ते आठवा. जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. हे काट्याने केलेलं नसतं, आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या, म्हणजे रोगप्रतिकारक, पेशींनी केलेलं असतं. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी धावत येतात, जंतू मारतात, आणि थोड्याच वेळात स्वतःही मरतात, मग मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येऊन मेलेला सगळा कचरा गिळून जागा साफ करतात. दोन-चार दिवसांत काटा कुठे रुतला होता तेही आठवत नाही. म्हणजे सूज वाईट नाही, ती हवीच, ती नसती तर साध्या काट्याने माणूस गेला असता. वाईट काय, तर सूज सुरू झाली आणि थांबलीच नाही, जसं आईच्या बोटांच्या सांध्यांत झालं.

आता यात तेल कुठे आलं? प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं आणि ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांचंच असतं, फॅटी अ‍ॅसिडच्या शेपट्या असलेले रेणू शेजारी-शेजारी उभे करून बनवलेलं. या शेपट्या शरीर काही स्वतः बनवतं आणि काही आपण खाल्लेल्या तेलातून, माशातून, तुपातून उचलतं. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं आणि जवसाचं तेल शेजारीच पातळ राहतं, बघितलंय ना? खोबरेलातल्या शेपट्या सरळ असतात म्हणून त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, जवसाच्या तेलातल्या वाकड्या असतात म्हणून त्यांना तसं बसता येत नाही. पेशीच्या आवरणातही हाच प्रकार चालतो, तिथे कुठल्या शेपट्या किती आहेत यावर आवरण किती लवचिक आणि त्यातले सिग्नल कसे चालणार हे ठरतं.

पण खरी गंमत पुढे आहे. धोक्याचा इशारा मिळाला की पांढरी पेशी आपल्याच आवरणातून एखादी शेपटी कापून काढते आणि तिच्यापासून निरोप पाठवायची रसायनं बनवते. बहुतेक वेळा ही शेपटी अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिडची असते, म्हणजे ओमेगा-६ नावाच्या फॅटी अ‍ॅसिडच्या घराण्यातली. तिच्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन तयार होतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे ठणका लागतो, ताप चढतो, आणि ल्युकोट्राइन बी-४ आणखी न्यूट्रोफिलना बोलावून घेतं. अ‍ॅस्पिरिन नेमकं इथेच काम करतं, प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळालं. म्हणजे डोकं दुखतं म्हणून आपण जी गोळी घेतो ती खरं तर पेशीच्या आवरणातल्या एका फॅटी अ‍ॅसिडचा पुढचा प्रवास अडवते.

आता त्याच आवरणात ओमेगा-३ घराण्यातलं ईपीए बसलेलं असेल, तर पेशी कधी ते कापते आणि त्यापासूनही प्रोस्टाग्लँडिन-ल्युकोट्राइन बनवते, पण ती बरीच सौम्य असतात. ईपीएपासून बनलेलं ल्युकोट्राइन बी-५ हे बी-४ च्या मानाने दहापट तरी कमी ताकदीचं असतं. निरोप तोच, आवाज हळू. शिवाय ईपीए आणि त्याच घराण्यातलं डीएचए यांच्यापासून रिझॉल्व्हिन नावाची रसायनं बनतात, हार्वर्डमधल्या चार्ल्स सेरहान यांच्या गटाने २००० सालाच्या आसपास ती शोधली, आणि त्यांचं काम म्हणजे न्यूट्रोफिलना सांगणं की आता येऊ नका, आणि मॅक्रोफेजना सांगणं की कचरा उचला. त्याआधी बरेच जण समजायचे की सूज आपोआप विझते, आग विझते तशी. तसं नाही, ती विझवावी लागते, आणि विझवायचा बराचसा माल ताटातून येतो. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट हीच.

आणि आता तो करडईवाला फॉरवर्ड. सूज थांबवणाऱ्या रसायनांपैकी लिपॉक्सिन नावाचं एक आहे, ते बनतं अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिडपासूनच, म्हणजे त्याच बदनाम ओमेगा-६ पासून, आणि ते बनवायची सूचना द्यायला प्रोस्टाग्लँडिन ई-२ सुद्धा हातभार लावतं. जो सूज सुरू करतो तोच थांबवायची तयारीही करून ठेवतो. शिवाय लिनोलेइक अ‍ॅसिड, म्हणजे करडई-सूर्यफुलातलं मुख्य ओमेगा-६, जास्त खाल्लं म्हणून पेशींमधलं अ‍ॅराकिडॉनिक त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर ते आवरून धरतं, आणि माणसांवर केलेल्या प्रयोगांत लिनोलेइक वाढवल्याने रक्तातल्या सीआरपीसारखे सुजेचे आकडे वाढलेले दिसले नाहीत. उलट ते अजिबात मिळालं नाही तर काय होतं हे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने १९२९-३० मध्येच दाखवलं होतं, स्निग्ध पदार्थच न दिलेल्या उंदरांच्या शेपट्यांना खवले धरले, वाढ थांबली, आणि लिनोलेइक दिल्यावर ते सुधारले. तेव्हा करडई विष नाही. आपल्याकडे अडचण आहे ती ओमेगा-३ कमी पडण्याची, आणि एकूण तेल जास्त जाण्याची.

पायरी १ : महिन्याचं तेल मोजा

कुठलं तेल हा प्रश्न नंतर, आधी किती ते बघा. किराण्याच्या बिलावरून महिन्याला किती लिटर तेल येतं ते काढा. समजा चार माणसांत ५ लिटर. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ४५५० ग्रॅम, भागिले ३० दिवस, भागिले ४ माणसं, आले ३८ ग्रॅम माणशी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतलं ताट बघितलं तर साधं बैठं काम करणाऱ्याला दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप धरलंय. म्हणजे आमचं घर बरंच पुढे होतं आणि यात बाहेरचा वडापाव धरलेलाच नव्हता. हिशोब उलटा केला तर चार माणसांना साडेतीन लिटर पुरे, त्यातही तूप-लोणी धरून.

मी एवढंच केलं की तेलाची मोठी बरणी आत कपाटात ठेवली आणि ओट्यावर महिन्याच्या पहिल्या, अकराव्या आणि एकविसाव्या तारखेला मोजून भरायची अशी छोटी बाटली ठेवली. बाटली संपत आली की हात आपोआप आखडतो. फोडणीत पळीने तेल ओतायची सवय जायला महिना लागला.

हे पहिलं का, तर पोटाच्या आत अवयवांभोवती साठणारी चरबी स्वतःच सूज तयार करते, त्या चरबीत मॅक्रोफेज घुसून बसतात आणि टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. कुठलंही उत्तम तेल गरजेपेक्षा जास्त गेलं तर शेवटी तिकडेच जाणार.

पायरी २ : जे घालवायचं ते आधी घालवा

वनस्पती तूप घरात नकोच. त्यातलं ट्रान्स फॅट सुजेचे आकडे वाढवतं आणि हृदयालाही घातक, यात शास्त्रज्ञांत फारसं दुमत नाही. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, तो येण्याआधी मर्यादा ५ वर होती, मधे एक वर्ष ३ वर. नियम चांगला, पण सुटं मिळणारं खारी-नानकटाईवालं तूप काय आहे हे आपल्याला कुठे कळतं. आम्ही खारी बंद केली. आईला चहाबरोबर जे लागायचं तिथे आता भाजलेले शेंगदाणे-फुटाणे असतात.

दुसरं म्हणजे तळणीचं तेल. एकदा तळलेलं तेल गाळून भाजीला वापरलं एवढं ठीक, पण तेच पुन्हा पुन्हा तापवायचं नाही, त्यात तुटलेले आणि हवेशी संयोग झालेले रेणू साठत जातात. नियमाप्रमाणे अशा ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की हॉटेलवाल्याने तेल टाकून द्यायला हवं. घरी मीटर नसतो, तेव्हा खूण सांगते : तेल दाट झालं, कडेने फेस चिकटून राहायला लागला, वास उग्र झाला की संपलं.

तिसरं पाम तेल. बिस्किटं, फरसाण, इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात पामोलीन असं असतंच. यातलं पामिटिक अ‍ॅसिड लॅबमधल्या मॅक्रोफेजना चिथवतं हे खूपदा दिसलंय, पण बशीतल्या पेशींत जे दिसतं ते माणसात तसंच्या तसं दिसतं असं नाही, म्हणून मी माणसांवरचा एक प्रयोग सांगते. स्वीडनमध्ये उप्सालाला ३९ तरुण, सडपातळ लोकांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खायला दिले, एका गटाचे पाम तेलातले, दुसऱ्याचे सूर्यफुलाच्या तेलातले. २०१४ मध्ये निकाल छापला. दोन्ही गटांचं वजन सारखंच, दीड-पावणेदोन किलो वाढलं, पण पामवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त साठली, सूर्यफूलवाल्यांत यकृताची चरबी जवळजवळ वाढलीच नाही. ओमेगा-६ ला विष म्हणणाऱ्याला मी हाच प्रयोग सांगते.

पायरी ३ : रोजचं तेल

इथे मी पटकन सांगते कारण लोक इथेच नको इतका वेळ घालवतात. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक, सूर्यफुलात त्याहून थोडं कमी. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक, म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये असतं तेच, आणि लिनोलेइक तीसेक टक्के. तिळाच्या तेलात दोन्ही जवळपास सारखी. खोबरेल नव्वद टक्के संपृक्त, म्हणजे सरळ शेपट्यांचं. मोहरी आणि सोयाबीन या दोन तेलांत एएलए नावाचं वनस्पतीजन्य ओमेगा-३ थोडंफार असतं, दहा टक्क्यांच्या आतबाहेर.

आमच्याकडे शेंगदाणा मुख्य आणि करडई आलटून पालटून, सोलापूरकडची माणसं आम्ही, करडईची चव सोडवत नाही आणि सोडायची गरजही नाही. फक्त तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या, एएलएपासून ईपीए बनवणारं एन्झाइम आणि लिनोलेइकवर काम करणारं एन्झाइम एकच आहे, त्यामुळे घरात फक्त करडई-सूर्यफूलच असेल तर जवसातल्या एएलएला त्या एन्झाइमपाशी रांगेत मागे उभं राहावं लागतं. म्हणून शाकाहारी घरात शेंगदाणा मुख्य ठेवणं जास्त बरं. कोकणातल्या, गोव्यातल्या घरांत आमटीत ओला नारळ पडतो त्याला मी हात लावायला सांगणार नाही, खोबरेल तेलाचे डबे तळणीला लागत असतील तर तेवढे कमी करा.

पायरी ४ : जवस, पण नीट

विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघरी असायची, मग मधल्या काळात शहरातल्या घरांतून गेली आणि आता फ्लॅक्स सीड म्हणून चौपट भावाने परत आलीय. जवसात साधारण ४० टक्के तेल आणि त्या तेलातलं निम्म्याहून जास्त एएलए. दळलेलं जवस एक मोठा चमचा, म्हणजे ७ ग्रॅम, त्यात दीड ग्रॅमच्या वर एएलए मिळतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण तेवढीच. अक्रोड मूठभर खाल्ले तरी चालतं पण भाव बघता जवसच.

चुका कुठे होतात? पहिली, अख्खं जवस खाणं. वरचं टरफल इतकं टणक आणि गुळगुळीत असतं की न चावलेला दाणा जसा गेला तसाच बाहेर पडतो. दळायलाच हवं. दुसरी, एकदम महिन्याचं दळून ठेवणं. जवसाचं तेल हवा लागली की लगेच खवट होतं, सुतार हेच तेल लाकडाला पॉलिश म्हणून लावतात आणि ते वाळून कडक थर होतो तो याच गुणामुळे. म्हणून मी दर रविवारी दीड वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजते, तडतड थांबली की लगेच परातीत पसरते, गार झाल्यावर लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून मिक्सरला थांबून थांबून फिरवते, सलग फिरवलं तर गरम होऊन तेल सुटतं आणि गोळा बनतो. बरणीवर तारीख लिहून फ्रिजमध्ये. कडवट, जुन्या रंगासारखा वास आला तर टाकून द्यायचं, जीव हळहळला तरी. तिसरी चूक, जवसाचं तेल फोडणीला वापरणं, ते फक्त वरून घ्यायचं.

आणि एक खरं सांगायला हवं, एएलए म्हणजे ईपीए नव्हे. शरीर एएलएपासून ईपीए बनवतं पण शंभरातले पाच-आठच, आणि डीएचए तर पुरुषांत एक टक्काही नाही, बाळंतपणाच्या वयातल्या बायकांत थोडं जास्त. जवस रोज खावं, त्यातला चोथाही उपयोगी आहे, पण सांध्यांच्या दुखण्यावर फिश ऑइलने जो परिणाम दिसलाय तो जवसाकडून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

पायरी ५ : मासे खात असाल तर

आठवड्यातून दोनदा तेलकट मासा. तारली, पेडवे, बांगडा, म्हणजे बाजारातले स्वस्तातलेच. लोक पापलेटमागे धावतात पण पेशींच्या आवरणासाठी तारली जास्त कामाची, आणि पावसाळा संपल्यावर ती चरबीला येते तेव्हा तर नक्कीच. लहान मासा घेण्याचं अजून एक कारण म्हणजे पारा, तो मोठ्या शिकारी माशांत साठत जातो, म्हणून गरोदर बाई असेल घरात तर मुशीसारखे मासे टाळा.

रव्यात घोळून भरपूर तेलात तळला की माशातलं थोडं तेल कढईत जातं आणि कढईतलं माशात येतं. त्यापेक्षा बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं करा, रस्सा भाताबरोबर खा, म्हणजे सुटलेलं तेलही पोटातच जातं. तळायची इच्छा असेल तेव्हा तव्यावर कमी तेलात.

पायरी ६ : कॅप्सूलच्या बाटलीची मागची बाजू

आईला आणून दिलेल्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ लिहिलेलं. मी आधी समजले की झालं, एक गोळी म्हणजे एक ग्रॅम ओमेगा-३. मग एका दुपारी चष्मा लावून मागचं वाचलं : ईपीए १८० मिग्रॅ, डीएचए १२० मिग्रॅ. म्हणजे कामाचं फक्त ३००, बाकीचं ७०० हे माशाचं साधं तेल. आमवातावर जे प्रयोग झालेत त्यात फरक दिसला तो ईपीए-डीएचए मिळून दिवसाला साधारण ३ ग्रॅमच्या आसपास, आणि तोही तीन महिन्यांनंतर : सकाळचा ताठरपणा कमी, दुखणारे सांधे कमी, पेनकिलर कमी लागणं. ३ ग्रॅमला त्या बाटलीतल्या दहा गोळ्या रोज! एक गोळी खाऊन काही झालं नाही म्हणून फिश ऑइल फालतू आहे म्हणणारे बरेच भेटतात, त्यांनी मागची बाजू वाचलेली नसते.

म्हणून दुकानात उभं राहून फक्त एवढं करा : ईपीए अधिक डीएचए बेरीज करा, आणि ती बेरीज किती गोळ्यांसाठी दिलीय तेही बघा, कारण काही बाटल्यांवर आकडा दोन गोळ्यांचा असतो. घरी आणल्यावर एक गोळी सुईने फोडून वास घ्या, समुद्राचा वास चालेल, सडका-खवट नको. जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही आणि ढेकराही येतात. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात जीवनसत्त्व अ असतं, ३ ग्रॅम गाठायला ते प्यायला गेलात तर जीवनसत्त्व अ चा ओव्हरडोस होईल. शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, माशांतही ओमेगा-३ मुळात शेवाळातूनच येतं, तेव्हा यात काही कमीपणा नाही, फक्त महाग आहे.

ज्याला काही आजार नाही त्याने एवढ्या गोळ्या खाव्यात का? माझं मत, नको. अमेरिकेत व्हायटल नावाच्या मोठ्या प्रयोगात २५,८७१ लोकांना पाचेक वर्षं बघितलं, रोज १ ग्रॅम फिश ऑइल घेणाऱ्यांत आमवातासारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार १५ टक्क्यांनी कमी दिसले पण तो फरक ठामपणे म्हणण्याइतका पक्का नव्हता. त्यापेक्षा मासे खा, जवस खा.

आणि ३ ग्रॅमचा डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ऑपरेशन ठरलेलं असेल, किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, जास्त डोसमध्ये एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोके अनियमित होण्याचा, धोका वाढतो हे मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय.

पायरी ७ : जे तेल आपण खात नाही, आतडं बनवतं

हा भाग बहुतेक जण विसरतात. भाकरी, डाळी, उसळी, भाज्या यांतला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातून अगदी छोटी फॅटी अ‍ॅसिड बनतात, त्यातलं महत्त्वाचं ब्युटिरेट. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते रोजचं खाणं, आणि शिवाय ते रोगप्रतिकारक पेशींपैकी रेग्युलेटरी टी नावाच्या पेशी वाढवतं, ज्यांचं काम बाकीच्यांना आवरणं. २०१३ मध्ये जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या टीम्सनी उंदरांवर हे दाखवलं.

इथे तुपाचा फॉरवर्ड येतो, की तुपात ब्युटिरिक अ‍ॅसिड असतं म्हणून तूप प्या. असतं, तीन-चार टक्के. चमचाभर तुपात पाव ग्रॅमही नाही, आणि ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं, खाली जिथे हवं तिथे पोचतच नाही. उलट वाटीभर मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी खाल्ली की जीवाणू ते थेट जागेवर बनवून देतात. तूप चवीला वरणभातावर चमचाभर घ्या, औषध म्हणून नको. आमच्याकडे रोज एक वेळ ज्वारी-बाजरी आणि रोज एक उसळ किंवा दाट वरण हे ठरलंय. उसळी एकदम वाढवल्या तर गॅस होतो, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

पायरी ८ : थांबा, आणि लिहून ठेवा

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ईपीए साधारण महिनाभरात चढतं, पण लाल पेशी १२० दिवस जगतात म्हणून तिथलं चित्र बदलायला तीन-चार महिने जातात, आणि सांध्यांवर फरक जाणवायलाही तेवढेच. पंधरा दिवसांत काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, आणि पंधरा दिवसांत चमत्कार झाला असं वाटलं तर ते बहुधा तेलामुळे नाही.

सीआरपी ही सुजेची रक्ततपासणी करायची असेल तर सर्दी-ताप, दातदुखी, लस घेतलेली असताना करू नका. हृदयाच्या दृष्टीने बघायच्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये (आकडे मिग्रॅ प्रति लिटरमध्ये) १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा अंगात काहीतरी इन्फेक्शन वगैरे चालू असतं, दोनेक आठवड्यांनी परत करा. पण मला टेस्टपेक्षा आईची वही जास्त उपयोगी पडली. उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटं, एवढाच एक आकडा रोज. सुरुवातीला ९०, ९५, ८० असे आकडे आहेत. आता पस्तीस-चाळीसच्या आसपास असतात, थंडीत वाढतात. यात तेलाचा वाटा किती आणि मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाचा किती हे मी सांगू शकत नाही, औषधाचा मोठा असणार. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडमध्ये नुकताच आमवात सुरू झालेल्या लोकांवर प्रयोग झाला, सगळ्यांना नेहमीची औषधं दिली, त्यात एका गटाला दिवसाला साडेपाच ग्रॅम ईपीए-डीएचए आणि दुसऱ्याला अगदी थोडं, तर जास्त डोसवाल्यांत औषधं फसण्याचं प्रमाण कमी आलं. औषधांच्या जोडीने, औषधांऐवजी नाही.

हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण आम्ही नेमकी हीच चूक केली. आईची बोटं सुजायला लागली तेव्हा आम्ही आठ महिने तेल बदलत बसलो, करडई बंद, तूप सुरू, मग तूप बंद, मग गोळ्या, आणि एका ठिकाणी तर वय झालं म्हणून दुखतंय असं सांगून परत पाठवलं. सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते कुठल्याही तेलाने परत येत नाही, आईच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. तेव्हा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं किंवा मनगटं सुजत असतील आणि हे काही आठवडे चालू असेल तर आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे आमवाताच्या डॉक्टरांकडे जा, अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, औषध सुरू होऊ दे. जवस भाजायला त्याच रविवारपासून घ्या, हवं तर.